गुरुवारचा सराव

गुरुवारी दहाला, चर्चच्या तळघरात,
आम्ही सात जण डॉक्टरकडे जायला शिकतो.

हसू नका. सत्तरी उलटली तरी
हे कुणी शिकवलं नव्हतं.
शिकवलं होतं ते रांगेत उभं राहायला,
कागदी पेल्यातली गोळी गिळून
जीभ उचलून दाखवायला.
नदीपलीकडच्या लाल विटांच्या इमारतीत
अकरा वर्षं मी जीभ उचलून दाखवली.
ती बोलायलाही वापरतात
हे नर्स रूथअ‍ॅननं सांगितलं, अगदी अलीकडे.

रूथअ‍ॅन डॉक्टर होते. गळ्यात कपडे वाळत घालायची दोरी,
टोकाला बाटलीचं बूच.
"बोला, मिस्टर पेल्तिए, काय होतंय?"
मी तिच्या बुटांकडे बघतो.
बुटांमधलं मला कळतं. सोळाव्या वर्षापासून
मेरिमॅकच्या काठी, कारखान्यात तळवे शिवले.
तिथला मुकादम ड्यूहर्स्ट
(मरून तीस वर्षं झाली त्याला)
अजून माझ्या डाव्या कानामागे उभा असतो.
"हात हळू चालतोय, आर्मां. टाका वाकडा."
दात घासताना. बसमध्ये. डोळा लागता लागता.
गोळ्यांनी तो लांब गेला, म्हणजे
कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला.
सुट्टीवर गेला नाही कधी.

ओदिल आमच्यात हुशार.
तिचं वाक्य दोन्ही भाषांत पाठ आहे:
"डॉक्टर, हे डोक्यातलं नाही, गुडघ्यातलं आहे."
टाळ्या. मग बिस्किट मिळतं,
बिनसाखरेचं, लाकडाच्या भुशासारखं.
तिचा भाऊ रोझेर दोन वर्षं सांगत राहिला,
बरगडीखाली दुखतंय.
डॉक्टर फाइलीवरचं त्याचं जुनं नाव वाचत,
तो स्वतः नव्हे, त्याचा आजार,
आणि झोपेची गोळी वाढवत.
गाठ संत्र्याएवढी झाली
तेव्हा कुठे तिच्यावर विश्वास बसला.
ओदिल हे वर्गात सांगत नाही.
गुडघ्यावर हात ठेवते आणि वाक्य म्हणते.

फेब्रुवारीत, पहाटे चारला,
माझ्या छातीवर कुणीतरी निहाई आणून ठेवली.
खिडकीबाहेर बर्फ उपसणारी गाडी घरघरत होती,
मला वाटलं, तिचाच आवाज आत शिरलाय.

इमर्जन्सीतला डॉक्टर पोरसवदा. पडद्यावर वाचत होता.
त्याचे डोळे थांबले
जिथे सगळ्यांचे थांबतात तिथे.
"आवाज ऐकू येतात तुम्हाला?"
"येतात." (खोटं बोलायचं नाही. चौथा गुरुवार.)
"मग आज काय म्हणतायत?"
आणि माझं वाक्य गेलं.
दोरी आठवली, बूच आठवलं, बिस्किटाची चव,
वाक्य नाही.
त्यानं अर्धी पाठ फिरवली होती.

तेवढ्यात ड्यूहर्स्ट. कारखाना ओलांडून, थेट कानाशी:
"बोल की गाढवा!
छातीत दुखतंय म्हण. डाव्या हातात उतरतंय म्हण.
आधी दुखणं, मग जागा, मग कधीपासून.
किती वेळा सांगितलं बाईनं!"

म्हणजे हाही बसत होता त्या तळघरात,
सगळे गुरुवार, फुकट.

तो बोलला, मी त्याच्यामागून म्हणत गेलो
शब्द न् शब्द.
डॉक्टर वळला. या खेपेला पडद्याकडे नाही पाहिलं.
तारा लावा म्हणाला, लवकर.

आता छातीवर वीतभर शिवण आहे.
गोळ्यांच्या डब्यात, सात कप्प्यांत,
डोक्याच्या गोळ्यांशेजारी काळजाच्या. रंग सारखाच,
म्हणून रूथअ‍ॅननं टोपणावर बूट काढून दिलाय.
ती विचारते, ऐन वेळी आठवलं कसं?
सराव, मी म्हणतो.
खोटं नाही ते, अगदी खोटं नाही.

काल बसमध्ये ड्यूहर्स्टनं माझ्या सदऱ्यात डोकावून पाहिलं.
"ही शिवण कुणाची? वाकडी आहे."
"माझी नाही!" मी म्हणालो, जरा मोठ्यानंच.

समोरच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.